डिसमिल

माझ्या भाच्याला गावात कोणी त्याच्या नावानं हाक मारत नाही. शाळेचा हजेरीपट, आधार कार्ड आणि तापानं फणफणलेला असला तर त्याची माय, एवढ्या तीनच ठिकाणी त्याचं खरं नाव शिल्लक आहे. बाकी सगळ्या गावाला तो 'डिसमिल'.

आमच्या गोंदियाकडे जमीन एकरात असते आणि भांडण डिसमिलमध्ये. शंभर डिसमिलचा एकर, आणि एका डिसमिलचे 435.6 चौरस फूट. सातबारा मात्र हेक्टर-आरमध्ये बोलतो, ले-आऊटवाला चौरस फुटात, आणि पुण्याकडून लग्नाला आलेला पाहुणा गुंठ्यात. या चार भाषांमधला पंचक्रोशीतला एकमेव दुभाषा म्हणजे हा पोरगा. दहावीला गणितात काठावर सुटला. पण 'सतरा आर म्हणजे किती रे?' असं विचारा, तोंडातला खर्रा न थुंकता... नाही, खर्रा तो खात नाही, तेवढं त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. तोंडातला आलूबोंडा न गिळता तो सांगतो, 'बेचाळीस डिसमिल, मामाजी. अठरा हजार दोनशे नव्व्याण्णव फूट.' मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलंय. बरोबर येतं.

त्याची नजरच तशी. आपण रिकामं शेत पाहतो तेव्हा आपल्याला शेत दिसतं. त्याला तिथं चुन्याचे फक्के दिसतात, फक्क्यांवर लाल-पिवळ्या झेंड्या दिसतात, आणि धुऱ्यावर दोन सिमेंटचे हत्ती सोंडेनं कमान तोलून उभे दिसतात. पांदण रस्ता दिसला की म्हणतो, 'तीस फुटी रोड.' बैलगाड्यांनी चाकोऱ्या पाडलेला, पावसाळ्यात गुडघाभर चिखलाचा, म्हशीसुद्धा जिथं जाण्याआधी विचार करतात असा तो रस्ता. गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा मांडवाच्या कडेकडेनं एकसारखी पावलं टाकत फिरत होता. मला वाटलं, पोरगी पाहून ठेवली असेल. वय तसंच. अक्षता पडल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, 'साडेआठ डिसमिल. रोडला लागून. नवरदेवाच्या बापाले माहीत नाई तो कशावर बसून रायला.'

आता माझ्याबद्दल दोन शब्द, कारण हे खूळ त्याला माझ्या टेबलावरून लागलं असं माझ्या बहिणीचं ठाम मत आहे. मी दस्तलेखक. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं लिहितो. आधी टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. भाषा तीच, 'कारणे खरेदीखत लिहून देतो की' वाली. शाळेला सुट्टी लागली की डिसमिल माझ्याकडे येऊन बसायचा. इतर पोरं गोष्टीची पुस्तकं वाचतात, हा रद्द झालेले दस्त वाचायचा. त्याला सगळ्यात जास्त आवडायची ती चतुःसीमा.

त्याची स्वतःची चतुःसीमा लिहायची झाली तर अशी होईल. पूर्वेस : आबाजी, म्हणजे त्याचे आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर, धानाच्या बांधीत उभे. पश्चिमेस : बारावीची परीक्षा, मावळतीकडे कललेली. उत्तरेस : मोबाइल. दक्षिणेस : बापाची चप्पल. येणेप्रमाणे चतुःसीमेतील मिळकत, झाड-झुडूप, दगड-धोंड्यासह.

त्या मोबाइलनं घोळ केला. सातबारा ऑनलाइन झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पटवाऱ्याकडे खेटे नकोत, घरबसल्या उतारा पाहा. सरकारला काय ठाऊक की आमच्या गावात एक पोरगा स्वतःचा सोडून सगळ्यांचा पाहील! आमच्याकडे रात्री जेवणं झाली की लोक सिरियल पाहतात, डिसमिल इतर अधिकारातलं सदर पाहतो. कोणावर सोसायटीचा बोजा आहे, कोणाच्या बहिणीचं नाव अजून कमी झालेलं नाही, कोणाची जमीन भोगवटादार वर्ग 2 म्हणून परवानगीशिवाय विकता येत नाही, सारं पाठ. परिणाम असा की गावातल्या सोयरिकी आता त्याला विचारल्याशिवाय पुढं सरकत नाहीत. पोरीचे बाप अंधार पडल्यावर मागल्या दारानं येतात. हा पाटावर बसून गंभीरपणे निकाल देतो, 'पोरगा चांगला हाये काका. पाच एकर सांगतात ते खरं. पण त्यात दीड एकर पोटखराब.' दोन लग्नं या पोटखराबानं मोडली. बिचाऱ्या नवऱ्यामुलांना अजून वाटतं, पत्रिका जुळली नाही.

माझे जवाई, म्हणजे त्याचे वडील, राइस मिलमध्ये मुनीम आहेत. अबोल माणूस. आयुष्यभर दुसऱ्याच्या तांदळाची पोती मोजली, आणि कट्ट्यामागे किलोभराचा फरक पडला तर रात्री झोप लागली नाही. पोराच्या उशाखाली त्यांना एक दिवस कियोसाकीचं 'रिच डॅड पुअर डॅड' सापडलं. इंग्रजी त्यांना बेताचं, पण नाव समजण्यापुरतं पुरेसं. पुस्तक हातात घेऊन ते बराच वेळ दारात उभे राहिले. मग म्हणाले, 'यातला गरीब बाप म्याच ना बे?' डिसमिलनं सहानुभूतीनं मान हलवली. दक्षिणेची सीमा त्या दिवशी बरीच उत्तरेकडे सरकली.

पण खरी आग लावली बिरसीनं. कामठ्याजवळचं बिरसीचं विमानतळ इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलं. पुढं कित्येक वर्षं तिथं ढोरं चरत, मग वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू झालं. लहान विमानं उडायची, आमच्या धानावर दोन घिरट्या घालायची आणि उडाली तिथंच उतरायची. आम्हाला वाटायचं, विमान एवढंच करतं. 2022 च्या मार्चमध्ये प्रवासी विमान सुरू झालं, काही महिन्यांत बंदही पडलं, आणि 2023 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झालं. ज्यांनी गोंदिया जंक्शनवर जनरलच्या डब्यात घुसताना बंड्या फाडून घेतल्या, ते लोक चहाच्या टपरीवर हैदराबाद-तिरुपतीच्या तिकिटाची चौकशी करू लागले. त्यात समृद्धी महामार्ग नागपूरहून पुढं गोंदियापर्यंत यायची बातमी. मग काय विचारता! ज्याच्या बांधीतून पाखरू गेलं तोही म्हणू लागला, माझी जमीन धावपट्टीच्या लाइनीत आहे.

डिसमिलनं पांढरा शर्ट शिवून घेतला. बाह्या दोन घड्या दुमडलेल्या, काखेत रेक्झिनची बॅग, डोळ्यावर मंडईत घेतलेला गॉगल. लायसन्स नसल्यानं गाडी नाही, म्हणून सायकल. पण सायकलवरून तो अशा काही ढबीनं उतरायचा की बघणाऱ्यानं मागं स्कॉर्पिओ शोधावी. नागपूरचा एक गिऱ्हाईक त्यानं असाच पटवला होता. बांधीत सारसांची जोडी उभी होती. माणसाएवढा उंच पक्षी, महाराष्ट्रात पाहायचा तर मुख्यतः आमच्याच भागात. गिऱ्हाईक फोटो काढण्यात दंग. डिसमिल म्हणाला, 'साहेब, सारस जन्मभर एकच जोडीदार ठेवते अन् वर्षानुवर्षं त्याच जागेवर येते. पाखराले समजते लाँग टर्म, मानसाले समजत नाई.' गिऱ्हाईकानं जमीन घेतली नाही, पण जाताना त्याला तर्री-पोहा खाऊ घातला. दलालीची ती पहिली कमाई. दलालाला महारेराची नोंदणी लागते, आता तर परीक्षाही द्यावी लागते, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो दुखावला. 'तर्री-पोह्यावर पन?'

आणि मग 2024 च्या मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, अंगाची काहिली होत असताना तो माझ्या टेबलाशी आला आणि बॅगेतून शंभराचा स्टॅम्प काढला. (तेव्हा शंभराचा चालायचा, ऑक्टोबरपासून पाचशेचा झाला.) स्टॅम्प बापाच्या नावानं घेतलेला. त्यावर स्वतःच्या अक्षरात इसारपत्र. दिवाळीनंतरच्या मंडईत फुगे आणि मोबाइलची कव्हरं विकून जमवलेले पाच हजार एकशे रुपये त्यानं गावातल्या एका विधवा काकूला बयाणा म्हणून दिले होते. जागा दहा डिसमिल, तलावाला लागून. 'लेक टच, मामाजी.' खाली काकूचा अंगठा आणि याची सही. सहीखाली, कोणी न विचारता, 'इन्व्हेस्टर'.

मी चष्मा पुसला. आमच्या धंद्यात वाईट बातमी सांगण्याआधी चष्मा पुसण्याची पद्धत आहे.

'तुझं वय किती?'

'सतरा चालू.'

'म्हणजे तू अज्ञान.'

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण तो शब्द माझा नाही. महसुलाच्या भाषेत अठराखालच्याला अज्ञानच म्हणतात. त्याच्या नावावर जमीन असली तर सातबाऱ्यावर पालकाच्या नावामागं 'अ. पा. क.' लागतं, अज्ञान पालनकर्ता. सगळ्या गावाचा सातबारा ज्याला पाठ, त्याला ही तीन अक्षरं रोज दिसत होती. त्याला वाटायचं, ती कुठली तरी जात असेल.

मग मी त्याला धर्मदास घोषाची गोष्ट सांगितली. कलकत्त्याच्या या पोरानं 1895 साली, वयाआधीच, एका सावकाराकडून पैसे घेऊन वीस हजारांचं गहाणखत लिहून दिलं. प्रकरण थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि 1903 मध्ये निकाल लागला, अज्ञानाचा करार मुळापासूनच रद्द. सावकार बसला बोंबलत. म्हणून बाबा, तुझं हे इसारपत्र म्हणजे नुसता कागद.

डिसमिल विचारात पडला. मला वाटलं, कायद्याचं गांभीर्य पोचलं. तो म्हणाला, 'म्हंजे त्या धर्मदासनं घेतलेले पैसे परत नाई केले?'

'नाही करावे लागले.'

'मामाजी, मंग अजून वर्षभर मी अज्ञान हाये. तेवढ्यात काय काय घेता येते?'

मी घाईघाईनं दुसऱ्या अडचणीकडे वळलो. दहा डिसमिल म्हणजे चार गुंठे. शेतजमिनीचा एवढा तुकडा विकताच येत नाही, 1947 चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. आणि बापानं पालनकर्ता म्हणून नावावर घेऊन दिली तरी विकायच्या वेळी जिल्हा न्यायालयाची परवानगी, 1956 चा कायदा. 'म्हंजे घुसता येते, निघता येत नाई,' तो म्हणाला. एवढ्या कमी शब्दांत मला ते कलम पंचवीस वर्षांत कोणा वकिलानं समजावून दिलेलं नाही.

तिसरी अडचण मला सापडली नाही, ती आबाजींना सापडली. मी कागद पाहून गप्प बसलो होतो. आबाजींना कागद वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, 'कोणती बांधी?' यानं गट नंबर सांगितला. 'नंबर मले नोको सांगू. नाव सांग.' आबाजींच्या लेखी बांधीला नंबर नसतो, नाव असतं. आंब्याची, बोडीखालची, मसणाकडची, सासूची (ती का म्हणून ते कोणी सांगत नाही). शेवटी पोरानं त्यांना सायकलीवर डबलसीट बसवून नेलं. मे महिन्यात तलावाच्या पोटातली माती भेगाळलेली, वर पाचोळा. आबाजी उतरले, काठी टेकली, आजूबाजूला पाहिलं आणि हसू लागले. हसता हसता खाली बसले.

'अबे, हे तर बुडी हाये! सावन लागला का इथं ढिवर डोंगा चालवते.'

लेक टच नव्हे, लेकच. आमच्याकडचे हे तलाव मालगुजारांच्या काळातले. बांधणारे हात बहुतेक कोहळी समाजातल्या लोकांचे, आणि पाणी कुठं थांबेल हे त्यांना डोळ्यांनीच समजायचं. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि 'माजी मालगुजारी' याचं लघुरूप करून कागदोपत्री त्यांचं नाव पडलं मामा तलाव. सगळा दोष माझ्यावर यायला एवढं पुरलं. 'नावच मामा होतं,' डिसमिल मायला सांगत होता, 'मले वाटलं, घरचाच हाये.'

पैसे परत मागायला तो काकूकडे गेला तेव्हा मी मुद्दाम सोबत गेलो. त्यानं तयारी केली होती. ओट्यावर बसून पाणी पिऊन त्यानं गंभीर आवाजात सुरुवात केली, की काकू, कायद्यानं मी अज्ञान आहे, प्रिव्ही कौन्सिलचा निकाल आहे, सबब हा करार रद्द. काकू सुपातले तांदूळ पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या,

'तू अज्ञान हायेस हे तुले आज समजलं? मले तर बयाणा घेतानाच समजलं होतं.'

प्रिव्ही कौन्सिलकडे यावर उत्तर नसावं. पैसे तर कधीच खर्च झाले होते. जावई आला होता, कोंबडं कापलं होतं, उरलेल्यात छपरावर चार टिनाचे पत्रे. बऱ्याच घासाघिशीनंतर काकूंनी एक बकरी सोडून दिली. काळी, एक कान कापलेला, स्वभावानं हेकट. डिसमिलनं ती सायकलला बांधून घरी आणली. पांढऱ्या शर्टाची पहिली बाही तिनं त्याच वाटेवर खाल्ली.

मी त्याची समजूत घालायला म्हटलं, अरे, एवढाच शौक आहे तर आता रीट नावाचा प्रकार आहे. आपल्या देशात पहिला 2019 मध्ये शेअर बाजारात आला. मोठमोठ्या ऑफिसांच्या इमारती, त्यांचं भाडं, त्यात आपला लहानसा वाटा. काहीशे रुपयांतसुद्धा घेता येतो. बापाला पालक ठेवून अज्ञानाचंही डिमॅट खातं निघतं. तुकडेबंदी नाही, बुडी नाही. त्यानं सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, 'तिथं जाऊन पावलं टाकता येते?'

'पावलं?'

'मोजाले. इकडून तिकडून.'

'नाही रे. ती बिल्डिंग बेंगळुरूला असते, दारात वॉचमन असतो.'

'मंग जाऊ द्या मामाजी,' तो म्हणाला, आणि बकरीला पाला आणायला उठला. बकरीनं दिवाळीपर्यंत दोन पिल्लं दिली. त्यानं वहीत परताव्याचा हिशेब काढून मला दाखवला. मी त्यात चूक शोधायचा प्रयत्न केला. सापडली नाही.

त्या हिवाळ्यात आबाजी माझ्याकडे आले. एकटे, बसनं, धोतर धुतलेलं. म्हणाले, आंब्याची बांधी नातवाच्या नावानं करून द्या. दीड एकर, पूर्ण गट, तुकडा नाही, पाण्याच्या वर. मी म्हटलं, आबाजी, विकेल तो. म्हणाले, 'विकेल कसा? तूच तं सांगतलं, घुसता येते, निघता येत नाई.' म्हातारा निरक्षर, पण कायद्याचा उपयोग कुठं करायचा ते त्याला कळतं. बक्षीसपत्र झालं. सातबाऱ्यावर पोराचं नाव चढलं, आणि माझ्या अबोल जवायाच्या नावामागं मोठ्या मानानं 'अ. पा. क.' लागलं. त्यांनी त्या उताऱ्याची रंगीत झेरॉक्स काढून मिलच्या टेबलावर काचेखाली ठेवली आहे.

2025 च्या जूनमध्ये डिसमिल अठराचा झाला. त्या दिवशी सकाळी साडेदहाला, माझं टेबल उघडायच्या आधी, नवा शर्ट घालून हजर. अ. पा. क. शेरा कमी करण्याचा अर्ज लिहा म्हणाला. पेढे आणले होते, अर्धा पाव. फी सांगितली तर म्हणाला, 'घरचा मानूस हाये, पन्नास टक्के.' सव्वीस वर्षांत माझ्याशी भाव करणारं हे पहिलं गिऱ्हाईक, आणि तेही पेढ्यांच्या बळावर. दिली सूट.

'आता काय करणार रे जमिनीचं? ले-आऊट?'

'छे! ठेक्यानं देतो.'

'कोणाला?'

'आबाजीले. त्यायच्याशिवाय ते बांधी कोनाले येते? रेट बी सांगतला मी त्यायले. साठ वर्षांचा अनुभव हाये म्हनून थोडा कमी केला.'

म्हाताऱ्यानं स्वतःच दिलेली जमीन स्वतःच ठेक्यानं घ्यायची, हे ऐकून मला पेढा घशाखाली उतरेना. मी विचारलं, आबाजी काय म्हणाले? तर म्हणाले, 'घेतो. पन बयाणा पाह्यजे. तुले रोवणीले या लागन.'

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढून गावी गेलो. आंब्याच्या बांधीत चिखलणी झाली होती, पऱ्ह्यांच्या पेंढ्या धुऱ्यावर मांडलेल्या, बाया ओळीनं वाकून रोवत मागं मागं सरकत होत्या. आबाजी धुऱ्यावर छत्री घेऊन, ठेकेदाराच्या थाटात. आणि मधोमध डिसमिल, चड्डीवर, एक पेंढी हातात, एक पाय चिखलात रुतलेला, दुसरा वर उचललेला, आणि कुठं ठेवावा हे न सुचून तसाच थांबलेला. एक चप्पल कधीच आत गेली होती. ओळीतली एक बाई ओरडली,

'काय रे डिसमिल, किती बुडालास?'

त्यानं खाली वाकून पाहिलं.

'एक फूट दोन इंच,' तो म्हणाला. 'पन एकाच पायाचं सांगून रायलो.'